दाजी, प्लग पांढरा निघाला

दाजी, तेराव्याला तुमच्याबद्दल जे बोललं गेलं ते माझ्याच्यानं ऐकवलं नाही. वारज्याच्या तुमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये जेवणं आटोपली आणि तुमचा तो रविवारचा गाड्यांचा कंपू एकेक करून उठायला लागला. एक म्हणाला, दिलीपरावांनी हात लावलेलं इंजिन कधी दगा देत नाही. दुसरा म्हणाला, त्यांना यंत्रबिंत्र लागायचंच नाही, कानाने आणि डोळ्याने ट्यूनिंग करायचे. तिसऱ्याने तुम्हाला ऋषी करून टाकलं. ताई मान खाली घालून बसली होती. मी भिंतीला टेकून उभा होतो आणि मला तुमचा इतका राग आला होता की हातातलं ताट खाली ठेवून मी चपला शोधायला लागलो.

तेवढ्यात मुक्ता उठली. म्हणाली, पुढच्या महिन्यात धावपट्टीवर शर्यत आहे, त्यात बाबांची गाडी मी पळवणार. बाबांनी जसं ट्यूनिंग ठेवलंय तसंच. त्यात कुणी काही बदलायचं नाही, बॉनेटसुद्धा उघडायचं नाही. सगळ्यांच्या माना डोलल्या. कुणीतरी म्हणालं, हीच खरी श्रद्धांजली.

त्या हॉलमध्ये एकट्या मला ठाऊक होतं की ते ट्यूनिंग चुकलेलं आहे. तुमची मुलगी त्या गाडीत बसून ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबणार होती, आणि तसं झालं तर काय होईल हेही मला ठाऊक होतं. तुम्हाला मात्र ते शेवटपर्यंत कळलं नाही, कारण मी सांगितलं नाही.

कंपूने तुमच्यावर एक छोटी स्मरणिका काढायचं ठरवलंय. मला फोन आला, मेव्हणे म्हणून तुम्हीही चार चांगले शब्द लिहा. चांगले शब्द बाकीच्यांनी लिहिलेत. उरलेले मी लिहितो.

हे ताईच्या मैत्रिणीही वाचतील, म्हणून गाडीबद्दल थोडं सांगतो. तुम्ही कंटाळलात तरी चालेल. तुमच्या त्या पंचवीस वर्षं जुन्या सेडानला तुम्ही सुपरचार्जर बसवलात. सुपरचार्जर म्हणजे इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरणारं, इंजिनात जबरदस्तीने हवा कोंबणारं यंत्र. हवा जास्त गेली की पेट्रोलही त्याच मापात जास्त द्यावं लागतं. किती द्यायचं ते गाडीच्या छोट्या कॉम्प्युटरमध्ये तक्त्यासारखं भरावं लागतं: इतक्या फेऱ्या, इतका दाब, तर इतकं पेट्रोल. ह्याला आपण मॅप म्हणायचो. पेट्रोल जास्त झालं तर गाडी रिच. काळा धूर सोडते, सुस्तावते. कमी पडलं तर लीन. लीन गाडीचा धोका हा, की ती आधी मजेत पळते, हलकी आणि चपळ वाटते. आत मात्र पिस्टन तापत जातो आणि एका क्षणी त्याचं ॲल्युमिनियम वितळतं. भर वेगात तसं झालं तर इंजिन फुटून ऑइल आपल्याच टायरखाली येतं. मग स्टिअरिंग हातात असून उपयोग नसतो.

तर ह्या तक्त्यापायी आपण दोघांनी किती पहाटा घालवल्या. गाडी तुम्ही चालवायचात आणि बाजूला मांडीवर लॅपटॉप घेऊन मी. मी सदाशिव पेठेत डिप्लोमाच्या मुलांना इलेक्ट्रॉनिक्स शिकवणारा, गाडी म्हणजे पोचायचं साधन एवढंच माहीत असलेला माणूस. माझं लग्न मोडलं तेव्हा नातेवाईक रांग लावून आले होते, काय झालं, कसं झालं, कुणाचं चुकलं. तुम्ही एकटे असे, की मला स्कूटरवर मागे बसवून बिबवेवाडीच्या तुमच्या शेडमध्ये घेऊन गेलात, वायरिंगचा गुंता समोर टाकलात आणि म्हणालात, "हे सोडव." वर्षभर तुम्ही त्या विषयावर ‘ब्र’ काढला नाहीत. मेव्हणे म्हणू नको, आमच्याकडं दाजी म्हणतात, एवढंच काय ते शिकवलंत. त्या वर्षात मी माणसात आलो. हे उपकार मी विसरलेलो नाही. म्हणूनच पुढचं माफ करता येत नाही.

तुमची एक पद्धत होती. माझा सेन्सर एक्झॉस्टमध्ये बसून आकडा दाखवायचा, एक भाग पेट्रोलला हवा किती भाग; आकडा चढला की गाडी लीन. तुम्ही आकड्याकडे बघायचात, पण मानायचात इंजिनात ठिणगी पाडणाऱ्या प्लगला. गाडी तळापर्यंत दाबायची, वरच्या फेऱ्यांना पोचली की तिथेच इग्निशन बंद, न्यूट्रलमध्ये घरंगळत बाजूला घ्यायची, आणि रस्त्याच्या कडेला गरम प्लग काढून त्याच्या चिनीमातीचा रंग बघायचा. तपकिरी म्हणजे बरोबर, काळा म्हणजे रिच, पांढरा म्हणजे लीन. पद्धत उत्तम होती. जुन्या लोकांनी ह्याच पद्धतीने इंजिनं जुळवली.

मग तो हवालदार आला. बायपासच्या कडेला आपण बॉनेट उघडून उभे, तुमच्या हातात प्लग, आणि तो मोटारसायकल लावून म्हणाला, "काका, ह्या वयात हे काय? घरी जा, नातवंडं खेळवा." बाकी काही बोलला नाही तो. पावतीही फाडली नाही. फाडली असती तर बरं झालं असतं. तुम्ही ‘काका’ गिळलंत आणि त्या दिवसापासून बायपासला थांबणं बंद. गाडी पळवायची बायपासला आणि प्लग बघायचा शेडमध्ये येऊन. मधे कात्रज चौक, बालाजीनगर, प्रत्येक सिग्नल, भाजीचे टेम्पो. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये अर्धा तास रखडत आपण पोचायचो, मग तुम्ही प्लग काढायचात, तो छान तपकिरी असायचा, आणि तुम्ही तो माझ्या नाकासमोर धरायचात.

तक्त्याच्या वरच्या कोपऱ्यात, म्हणजे भर वेगात, गाडी जड वाटते, असं तुमचं दिवाळीपासून चाललं होतं. पेट्रोल कमी कर. मी कमी केलं. अजून कमी कर. अजून केलं. आकडे तुम्ही सांगितलेत, टाइप माझ्या बोटांनी केले. साडेअकराच्या आसपास असायला हवा तो आकडा तेराच्या वर गेला आणि मी शेडमध्ये म्हणालो की दाजी, वरती लीन होतंय, पेट्रोलचा पंप कमी पडतोय बहुतेक. तुम्ही म्हणालात पंपाला काही झालेलं नाही, तुझा सेन्सर म्हातारा झालाय. मी म्हणालो सेन्सर नवीन आहे. तुम्ही प्लग पुढे केलात, "हा बघ की. हा काय खोटं बोलतोय व्हय?" कंपूतले तिघे-चौघे चहाचे ग्लास घेऊन उभे होते. मी पुन्हा म्हणालो की पेट्रोल कमी पडतंय.

तेव्हा तुम्ही हसलात. हसत हसत त्यांच्याकडे बघून म्हणालात, "ह्याला सगळीकडं काहीतरी कमीच पडताना दिसतं. म्हणून तर घरात कुणी टिकलं नाही."

ते हसले. सगळे नाही, दोघे हसले. ज्याच्याबद्दल तुम्ही मला कधी एक शब्द विचारला नव्हता, ते तुम्ही एवढी वर्षं जपून ठेवलं होतं आणि एका प्लगसाठी बाहेर काढलंत.

मी म्हणालो, "बरं. तुमचं चालू द्या." लॅपटॉप मिटला, बॅगेत घातला, निघालो.

तुम्ही नंतर फोन केलेत. माफीचा शब्द नव्हता, तो तुमच्या मुलखात नसावा. "येत नाहीस आजकाल?" मी म्हणायचो मुलांच्या परीक्षा आहेत. एकदा तुम्ही म्हणालात, "कसल्या रे परीक्षा तुझ्या, संपतच नाहीत." मी म्हणालो, अभ्यासक्रम मोठा आहे. फोन ठेवून मला बरं वाटलं. असल्या उत्तरांत आमच्या पेठेचा हात कुणी धरत नाही.

आता जे लिहायचं आहे ते मी ताईलासुद्धा तेरावं होऊन जाईपर्यंत सांगितलेलं नव्हतं. त्या भांडणानंतर काही दिवसांनी मी स्वारगेटच्या सिग्नलला स्कूटरवर उभा होतो. लाल दिवा, पुढे बस, इंजिन नुसतं घरघरतंय. आणि तुमच्या प्लगचं उत्तर मला तिथे मिळालं. अर्धा तास सिग्नलला रखडलेल्या इंजिनात पेट्रोल भरपूर येतं, आच मंद असते, आणि प्लगवर त्याचाच रंग चढतो. बायपासवर भाजून पांढरा झालेला प्लग शेडला येईपर्यंत पुन्हा तपकिरी होत होता. तुम्ही दर वेळी हातात धरून जो वाचत होतात तो बिबवेवाडीचा ट्रॅफिक होता, दाजी. सेन्सर बरोबर होता. मी बरोबर होतो.

मागचे हॉर्न वाजवायला लागले. मी स्कूटर कडेला घेतली, फोन काढला, तुमचं नाव समोर आणलं. आणि खिशात ठेवून दिला.

विसरलो म्हणून नाही, आणि घाबरलो म्हणूनही नाही. मला इंजिन फुटायला हवं होतं. मी वाट बघत होतो. तुम्हाला खरचटूही नये, एवढी मागणी मी मनातल्या मनात करत होतो. पिस्टन फक्त एक वितळावा, तोही शेडच्या जवळपास, आणि त्या हसणाऱ्या दोघांसमोर तुम्ही बॉनेट उघडून उभं राहावं आणि मग मला फोन करावा. काय बोलायचं तेही मी ठरवून ठेवलं होतं. अगदी नम्र वाक्य होतं. तुम्ही जन्मभर विसरला नसतात. असा मी हिवाळाभर शांतपणे मुलांना ट्रान्झिस्टर शिकवत बसलो होतो, आणि तुम्ही दर रविवारी पहाटे त्या गाडीत बसत होतात.

आणि तुम्ही गेलात ते घरी, चहाची कपबशी हातात असताना. गाडी ठणठणीत. भांडण तुम्ही जिंकून गेलात! ह्याचा मला किती संताप आला ते कुठे सांगू? तुमच्या पायाशी उभं राहून लोक रडत होते आणि माझ्या डोक्यात आलं की आता ह्यांना कधीच कळणार नाही. माणूस गेल्याचं दुःख नंतर आलं. आधी हे आलं.

तेराव्याच्या नंतरच्या शनिवारी मी शेडवर गेलो. मुक्ता गाडी पुसत होती. मी म्हणालो बॉनेट उघड. ती म्हणाली सांगितलं ना, नाही उघडायचं. मग मी बोललो. आकडा, प्लग, हवालदार, स्वारगेट, सगळं. तुम्ही काय म्हणाला होतात तेही सांगितलं, शब्द न बदलता. ती हातातला फडका पिळत राहिली.

"म्हणजे बाबांनी टोचलं म्हणून तू गप्प बसलास."

"मला वाटलं, इंजिन जाईल फार तर—"

"मामा, इंजिन एकटं पळतं का? आत बाबा बसलेले असायचे."

ताईचं लग्न झालं तेव्हापासून मी तुमच्या घरी येतो. ती पोर माझ्या खांद्यावर बसून सारसबागेत गेलेली आहे. त्या दिवशी तिने माझ्याकडे भिंतीकडे बघावं तसं बघितलं. मग म्हणाली, आणि हे खरं कशावरून? तू आत्ताही बाबांना हरवायलाच आला असशील.

दाजी, ती शंभर टक्के तुमची मुलगी आहे.

म्हणून रविवारी पहाटे आम्ही बायपासला गेलो. ती चालवत होती, मी बाजूला. मी म्हणालो फार वेळ दाबू नकोस, वरती पोचली की लगेच बंद कर. गाडी खरंच सुंदर पळाली. हलकी. तुम्हाला का भुरळ पडली ते मला तिथे कळलं. माझ्या मांडीवर आकडा तेराच्या पुढे सरकला, मी "बस" म्हणालो, तिने किल्ली फिरवली आणि एकदम सगळं शांत झालं, नुसता टायरचा आवाज. कडेला थांबलो. तिने हातमोजे घालून प्लग सोडवायला घेतला आणि मागे गस्तीची गाडी येऊन उभी राहिली.

त्यातल्या हवालदाराने विचारलं काय झालं. मुक्ता म्हणाली, "गाडी बंद पडलीय, साहेब."

एवढंच वाक्य. तो बिचारा टॉर्च धरून उभा राहिला, वर विचारलं टोइंगवाल्याचा नंबर देऊ का. तुम्हालाही त्या दिवशी एवढंच म्हणायचं होतं, दाजी. पण दिलीपरावांची गाडी बंद पडली, हे तुमच्या तोंडून, खोटंसुद्धा, निघालं नसतं. त्यापेक्षा तुम्ही अर्धा तास लांब जाऊन चुकीचा प्लग वाचलात. पुन्हा पुन्हा वाचलात. एवढा कसला ताठा?

त्या टॉर्चच्या उजेडात प्लग बाहेर आला. खडूसारखा पांढरा. त्यावर मिरपूड सांडावी तसे बारीक चमकते कण, म्हणजे पिस्टनचं ॲल्युमिनियम सुटायला सुरुवात झाली होती. मुक्ताने तो फडक्यात धरून बराच वेळ बघितला. मी बरोबर होतो. माझ्या मनात ठरवून ठेवलेलं ते नम्र वाक्य कुठे गेलं कोण जाणे. मला फक्त एवढंच दिसत होतं की असे कण तुम्ही आत बसलेले असतानाही सुटत असणार.

ताईला मी त्याच दुपारी सांगितलं. तिने पोळ्या लाटणं थांबवलं नाही. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "त्यांचा तर स्वभावच होता. तुला काय झालं होतं?" ती अजून माझ्याशी नीट बोलत नाही, आणि तिने बोलावं असं मी म्हणणारही नाही.

इंजिन उघडलं. एक पिस्टन कडेला खरवडला होता, बाकीचे वाचले. मुक्ताने तो बदलून घेतला आणि मग तक्त्याच्या वरच्या कोपऱ्यात पेट्रोल परत वाढवायला आम्ही बसलो. ती आकडा सांगायची, मी हो किंवा नाही म्हणायचो, आणि कारण दिल्याशिवाय तिला दोन्ही चालत नव्हतं. पेट्रोलच्या दाबाचा काटा शेवटपर्यंत हलला नाही. पंपाचं तुमचं खरं होतं. तो पुरून उरत होता, मीच उगाच त्याच्यावर आळ घेतला होता. हे मी लिहून देतो. हे ऐकायला तुम्ही हवे होतात, आणि नाही आहात, ह्याचाही राग येतो.

शर्यतीच्या दिवशी मुक्ताने गाडी शेवटच्या खुणेपर्यंत दाबून नेली आणि सुखरूप परत आणली. तुमच्या वेळेपेक्षा जरा मागे राहिली. कंपूतल्या एकाने मान हलवली, दिलीपराव असते तर, वगैरे सुरू केलं. शेडमध्ये त्या दिवशी हसलेल्या दोघांतला तो एक. मी त्याला सगळ्यांसमोर सांगितलं की दिलीपरावांच्या मॅपवर ही गाडी अर्ध्यात फुटली असती, आणि तो मॅप टाइप करणारा मी होतो, आणि मला माहीत असून मी गप्प होतो. तो म्हणाला, गेलेल्या माणसाबद्दल असं बोलू नये. मी म्हणालो, जिवंत असताना बोललो नाही म्हणूनच आज बोलतोय. वडापाव आले, सगळे तिकडे वळले.

परत येताना मुक्ता म्हणाली की आता पेट्रोल पुरेसं आहे तर इग्निशनचं टायमिंग थोडं पुढे घेऊ, ठिणगी जरा लवकर पडली की हुकलेली वेळ भरून निघेल. मी म्हणालो ह्या उन्हाळ्यात नको, आत अवेळी भडका उडून इंजिन ठोकायला लागेल. ती म्हणाली ठोकणार नाही. मी म्हणालो ठोकेल. ती म्हणाली, बाबांनी घेतलं असतं. मी म्हणालो, बाबांचं चुकलं असतं. तिने गाडी कडेला घेतली आणि म्हणाली, परत बोल. मी परत बोललो, कारणांसकट. तिने तिची कारणं दिली. त्यातली दोन बरी होती. तसं मी म्हणालो, तिसरं फालतू होतं, तेही म्हणालो. मग तिने मला तोंडावर म्हातारा म्हटलं, भित्रा म्हटलं, आणि तुझ्यामुळे बाबा, असं म्हणता म्हणता थांबली. मला लागलं. खोल लागलं. मी उतरलो नाही. सदाशिव पेठेत माझ्या दारापर्यंत आम्ही भांडत होतो आणि काहीही मिटलं नाही. मी दार उघडून खाली पाय ठेवला तेव्हा ती समोर काचेकडे बघत म्हणाली, "उद्या लॅपटॉप घेऊन ये. राग आला असला तरी ये."

राग आलाच होता, दाजी. रात्रभर होता. सकाळी त्या रागासकट लॅपटॉप उचलला आणि बिबवेवाडीला गेलो.